सुरगाठ

वयाच्या चौपन्नाव्या वर्षी मी सायकलवरून पडलो. पडलो यात विशेष काही नाही. न पडता सायकल शिकलेला माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही. पण मी पडलो तो उभ्या सायकलवरून.

दिवाळी नुकतीच सरली होती. कोरेगावहून पुसेगावकडं जाताना वर्धनगडचा घाट लागतो, त्याच्या अलीकडं मेंढरांचा कळप रस्ता ओलांडत होता. दिवाळीनंतर माणदेशातली मेंढरं कोकणाकडं उतरतात, हे आमच्या भागात नेहमीचंच. मी ब्रेक दाबला. सायकल थांबली. आता पाय खाली टेकवायचा, एवढंच काम उरलं होतं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं हे काम पाय आपलं आपण करत आलेत, डोक्याला विचारतसुद्धा नाहीत. पण पाय निघेना. वर ओढला, निघेना. आणखी जोरात ओढला, तरी निघेना. आणि मग अगदी सावकाश, भरलेलं पोतं कलंडावं तसा मी उजव्या अंगावर कलंडलो. पडताना विचार करायला वेळ होता, हे त्यातलं जास्त वाईट. दोन्ही पाय पायडलावर तसेच, आणि मी रस्त्यावर आडवा. मेंढरं माझ्याकडं बघत बाजूनं निघून गेली.

मागून येणारा म्हातारा मेंढका धावत आला. त्यानं सायकल धरली, माझ्या काखेत हात घातला आणि मग त्याची नजर माझ्या पायांकडं गेली.

"मास्तर, पाय कुणी बांधलं वो तुमचं?"

"मीच बांधलेत."

म्हातारा जरा थांबला. चेष्टा करावी का कीव करावी, असं त्याला झालं असावं. म्हणाला, "मग सोडाय येत न्हाई तर बांधलं कशाला?"

कोपर सोलवटलं होतं, त्यामुळं त्या वेळी मी हसण्यावारी नेलं. पण त्याचा प्रश्न काही गेला नाही.

ही सायकल माझ्या मुलाची. तो पुण्यात नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी सायकल चालवतो. आमच्या वेळची सायकल वेगळी. आम्ही भाड्याची सायकल आणून नळीखालून तिरका पाय घालायचो आणि कैची मारत शिकायचो. याचे मित्र एका दमात दोनशे किलोमीटर जातात, साडेतेरा तासांच्या आत पुरं करायचं असतं. त्यानं नवी सायकल घेतली आणि जुनी मला आणून दिली, वर बूटही दिले. आमच्या दोघांच्या पायाचं माप एकच. साखर वाढल्यामुळं डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, पण गुडघे चालू देत नव्हते, म्हणून सायकल.

या बुटाच्या तळव्याला धातूचा एक छोटा तुकडा स्क्रूनं बसवलेला असतो. त्याला क्लीट म्हणतात. तो पायडलाच्या खटक्यावर दाबला की 'खट्' असा आवाज होतो आणि पाय पायडलात अडकतो. आता चढाला पाय घसरत नाही, पावसात निसटत नाही, खड्ड्यातून गेलं तरी जागचा हलत नाही. माणूस आणि सायकल एकजीव होतात. पहिल्यांदा वर्धनगडचा चढ मी असा पाय अडकवून चढलो, तेव्हा सायकल आपल्याच अंगाचा भाग असल्यासारखी वाटली. ते सुख मी नाकारणार नाही. उगीच कुणी पाय अडकवून घेत नाही.

गंमत अशी की या पायडलाला 'क्लिपलेस' म्हणतात, म्हणजे क्लिप नसलेलं. पाय तर पक्का अडकलेला, मग क्लिप नाही कशी? मुलानं सांगितलं, पूर्वी शर्यतीच्या सायकलींना पायडलावर पिंजऱ्यासारखी क्लिप असायची आणि तिला चामड्याचा पट्टा. स्वार चवड्यावरून तो पट्टा आवळून घ्यायचा, आणि सोडवायचं तर वाकून हातानं ढिला करायचा. तो पिंजरा गेला म्हणून क्लिपलेस. अडकणं गेलं नाही, पिंजरा गेला.

मास्तरकीची सवय वाईट. एक गोष्ट कळली की तिच्या मुळाशी गेल्याशिवाय चैन पडत नाही. १९७१ साली इटलीतल्या चिनेल्ली या सायकलवाल्यानं पिंजऱ्याशिवाय पाय अडकवायचं एक पायडल काढलं. पण त्यातून पाय सोडवायचा तर हात खाली नेऊन पायडलाचा खटका ओढावा लागे. लोकांनी त्याला मरणाचं पायडल असं नाव पाडलं. मग १९८४ साली फ्रान्सच्या लुक कंपनीनं दुसरं पायडल आणलं. ही कंपनी मूळची बर्फावर घसरण्याच्या पट्ट्यांना बूट अडकवायची साधनं बनवणारी. त्या धंद्यात एक गोष्ट फार मोलाची असते. माणूस पडला तर पट्टी पायापासून वेळेवर सुटली पाहिजे, नाहीतर पायाचं हाड मोडतं. म्हणजे अडकवण्याच्या धंद्यात असूनही त्यांचं खरं कसब सोडवण्यात होतं. तेच त्यांनी सायकलीला लावलं. टाच बाहेरच्या बाजूला फिरवली की पाय सुटतो, हात लावावा लागत नाही. १९८५ साली बर्नार्ड इनो हा फ्रेंच स्वार अशीच पायडलं वापरून टूर द फ्रान्स जिंकला आणि मग हळूहळू पिंजरे गेले.

हे सगळं मला माहीत होतं आणि तरी मी पडलो. कारण ज्ञान डोक्यात होतं आणि पाय अजून जुन्या सायकलीवरच होता. घाबरला की पाय वर ओढतो, आणि हे पायडल तर वर ओढायला सुटूच नये म्हणून केलेलं. जेवढं ओढाल तेवढं ते धरून ठेवणार. टाच जराशी बाजूला वळवायची, एवढंच. जोर लागत नाही, पण उमज लागते. आणि ती सायकल थांबायच्या आधी यावी लागते. थांबल्यावर वेळ गेलेली असते.

मुलाला फोन केला. तो हसला नाही. म्हणाला, "आबा, तुम्ही थेट रस्त्यावर कशाला गेलात? आधी अंगणात भिंतीला धरून उभे राहा. अडकवा, सोडवा. पन्नास वेळा करा. डोळे मिटूनसुद्धा जमलं पाहिजे. मग जा."

डोळे मिटून, असं तो म्हणाला आणि माझ्या पोटात एकदम खड्डा पडला. हेच शब्द मी आधी एकदा ऐकले होते. तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो.

आमच्या गोठ्यात तेव्हा दोन बैल, एक गाय आणि तिची कालवड होती. कालवड माझी. म्हणजे घरात सगळे तसं म्हणायचे आणि मलाही ते खरंच वाटायचं. संध्याकाळी जनावरं बांधायचं काम माझ्याकडं होतं. दादांनी, म्हणजे वडिलांनी, मला दाव्याची गाठ शिकवली होती. खुंट्याला फेरा घ्यायचा आणि दाव्याचं टोक दुमडून आत घालायचं. ही सुरगाठ. जनावरानं कितीही हिसडलं तरी ती आवळतच जाते, पण मोकळं टोक धरून एक ओढ दिली की अख्खी गाठ सुटते. दादा म्हणायचे, "बांधाय कुणालाबी येतं. रातच्याला साप निघाला, आग लागली, तर एका वढीत सुटाय पायजे."

पण कालवड द्वाड होती. दाव्याचं मोकळं टोक ती चघळत बसायची, आणि चघळता चघळता एखाद्या रात्री सुटायची. एकदा ती शेजारच्या शाळूत शिरली आणि घरी भांडण आलं. पुन्हा असं झालं तर कालवड बाजार दाखवीन, असं दादा रागाच्या भरात बोलून गेले. मी घाबरलो. त्या रात्रीपासून मी तिला निरगाठ मारायला लागलो. एकावर एक, दोन निरगाठी. सकाळी सोडवताना दातानं ओढावी लागायची, पण कालवड जागेवर असायची. मला वाटायचं, माझ्याइतकं कुणी तिला जपत नाही.

पुढं महिन्याभरात गोठ्याला आग लागली. कशानं लागली ते शेवटपर्यंत कळलं नाही. आढ्याला कडबा रचलेला, त्यामुळं बघता बघता पेट घेतला. दादा आत शिरले. एक ओढ, बैल सुटला. दुसरी ओढ, दुसरा बैल. गाय सुटली. कालवडीपाशी गेले, टोक धरून ओढलं आणि काहीच झालं नाही. ती जिवाच्या आकांतानं मागं हिसडत होती आणि प्रत्येक हिसड्यानं गाठ आणखी आवळत होती. दादा बाहेर आले, घरातून विळा घेतला, परत आत गेले आणि दावं कापलं. तेवढ्या वेळात आढ्याचं वासं खाली आलं होतं. कालवड बाहेर आली, पण तिची पाठ सगळी भाजली होती. तिसऱ्या दिवशी ती गेली. दादांचा उजवा पंजा भाजला. त्याची दोन बोटं पुढं कधी सरळ झाली नाहीत.

दुसऱ्या दिवशी दादांनी राखेतून खुंट्याशी राहिलेला दाव्याचा तुकडा उचलला. गाठ नीट बघितली. मग माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. त्यांनी तो तुकडा उकिरड्यावर टाकला. त्या दिवशी नाही आणि पुढं कधीच नाही, ते त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. आईलाही सांगितलं नाही. आग विझल्यावर आठवड्यानं त्यांनी नवीन दावं आणलं, मला ओसरीवर बसवलं आणि म्हणाले, "बांध. सोड. आता डोळं मिटून."

अंगणातल्या भिंतीला धरून मी पन्नास वेळा टाच फिरवत होतो, तेव्हा हे सगळं पुन्हा डोळ्यांपुढून गेलं.

लोक बांधणं आणि मोकळं असणं या दोन गोष्टी एकमेकींच्या उलट धरतात. शहरात राहणारे माझे मित्र म्हणतात, बंधनं नकोत. गावातले म्हणतात, बंधनं नसली तर माणूस वाया जातो. मला दोन्ही पटत नाही. बैल जुवाला जुंपल्याशिवाय शेत नांगरलं जात नाही. पाय पायडलाला धरल्याशिवाय घाट तसा चढत नाही. कुणाचं तरी असणं, कशाला तरी बांधलेलं असणं, यात माणसाचं निम्मं बळ आहे. बांधावं की बांधू नये, याचं भांडण मला पोकळ वाटतं. गाठ कुठली मारली, हे बघायला पाहिजे.

यावर कुणी म्हणेल की सुरगाठ म्हणजे सैल गाठ. तसं नाही. अकरा वर्षांचा असताना माझीही हीच चूक झाली. सुरगाठ बैलाच्या ताकदीला पुरते. पायडलाला स्प्रिंग कमी-जास्त करायचा एक बारीक स्क्रू असतो. मी घाबरून तो पार ढिला केला, तर चढावर जोर देताना पाय उसळून बाहेर आला आणि नडगी फुटली. धरून ठेवायला हवं तेवढं धरलंच पाहिजे. घट्टपणा एक आणि न सुटणं दुसरं. या दोन गोष्टी एकच आहेत असं आपण समजतो, आणि जिथं जीव जास्त गुंतलेला असतो तिथं हमखास समजतो.

पण यात एक अडचण आहे आणि ती मला बरेच दिवस सुटली नाही. गोठ्यातल्या सुरगाठीचं मोकळं टोक जनावराच्या हातात नसतं. ते धन्याच्या हातात असतं. धनी जागा असला, धावून आला, तर जनावर वाचतं. जनावराचं ठीक आहे. माणसाचं काय?

माझी एक आत्या होती. लग्नानंतर ती तीनदा गाठोडं घेऊन माहेरी आली. अंगावरचे वळ दिसत असायचे. तीनही वेळा आजोबांनी तिला जेवू घातलं, चोळी-बांगडी केली आणि एसटीत बसवून परत पाठवलं. दिल्या घरी सुखी राहा, म्हणाले. चौथ्यांदा ती आली नाही. तिथंच जन्म काढला आणि तिथंच गेली. आजोबा वाईट माणूस नव्हते. गोठ्यात रोज संध्याकाळी तेच सुरगाठ मारायचे, दादांनाही त्यांनीच शिकवली. बैलाला आग लागली तर सुटता यावं याची काळजी त्यांना होती. लेकीची आग त्यांना दिसत होती. पण टोक त्यांच्या हातात होतं आणि त्यांनी ते ओढलं नाही. आत्याच्या हातात ते कधी नव्हतंच.

तेव्हा मला त्या दोन पायडलांमधला फरक नीट कळला. इटलीच्या पायडलातही सोडवायची सोय होती, नव्हती असं नाही. पण ती अडकलेल्या पायापाशी नव्हती, लांब होती. पडणाऱ्या माणसाला वाकून तिथवर पोचता येत नाही. फ्रेंच पायडलानं ती सोय अडकलेल्या पायाच्याच टाचेत आणून ठेवली. सुटायची वाट आहे, एवढं म्हणून भागत नाही. ती बांधलेल्याच्या आवाक्यात पाहिजे, आणि ती वापरायची सवय त्याला आधीपासून असली पाहिजे.

आता जे सांगायचं आहे ते माझ्या स्वतःबद्दल. त्यासाठीच हे लिहायला बसलो.

दादा गेले त्याला वीस वर्षं होऊन गेली. शेवटचे चार दिवस ते शुद्धीवर होते. मी उशाशी बसून वाट बघत होतो की ते आता म्हणतील, जमीन विकू नको. गावात सगळे बाप म्हणतात. चुलत्यांनी तर हातावर पाणी सोडून मुलांकडून वचन घेतलं होतं. दादा चार एकराबद्दल काहीच बोलले नाहीत. पाऊस, उसाचं बिल, गाईचं वेत, सगळं बोलले. जमिनीबद्दल अक्षर नाही. मला त्याचा राग आला होता, खरंच सांगतो. वाटलं, यांना माझ्यावर एवढाही हक्क वाटू नये? मी जमीन विकली नाही. शाळा सांभाळून केली. कुणी बांधलं नव्हतं तरी केली, आणि कधी कधी मनात म्हणायचो, दादांनी शब्द घेतला असता तर या कष्टाला काही अर्थ आला असता.

आता माझी पाळी. मुलगा पुण्यात, सून पुण्याची. जमिनीला गिऱ्हाईक येऊन जातं, रस्त्याकडेची आहे. मी पडलो त्या दिवाळीत माझं ठरलं होतं. मुलाला देवापुढं बसवायचं आणि शब्द घ्यायचा की माझ्यामागं जमीन विकणार नाही. बायकोला सांगून ठेवलं होतं. तो आला, पण त्याच्या सायकलीच्या गप्पांत राहून गेलं. पुढच्या खेपेला बघू म्हटलं. मधल्या काळात मी मेंढरांपुढं पडलो.

पुढच्या खेपेला तो आला तेव्हा मी काहीच बोललो नाही. बायकोनं दोनदा खुणावलं. मी मुलाला शेतावर घेऊन गेलो. विहीर कुठं फुटते, बांधाचं पाणी कुठून वळवायचं, सातबाऱ्याचे कागद कुठल्या पेटीत आहेत, ते दाखवलं. विकायची झाली तर कुणाला विचारावं आणि कुणाला विचारू नये, तेही सांगितलं. तो दचकला. "आबा, विकायचं कोण म्हणतंय?" मी म्हणालो, "कोणी नाही. पण माहीत असावं."

रात्री झोप लागली नाही. सोपं नव्हतं ते. टोक दुसऱ्याच्या हातात देणं म्हणजे तो ते ओढेल हेही मान्य करणं. अजूनही रात्री-बेरात्री वाटतं, चूक तर केली नाही ना? माणसाचा काही भरवसा नाही, आणि जमीन एकदा गेली की येत नाही. सुरगाठीनं बांधलेली कालवडच शाळूत शिरली होती, हे मी विसरलेलो नाही. ज्यांनी शब्द घेतले त्यांची जमीन राहिली आहे, हेही आमच्या गावात दिसतं. त्यांची मुलं वर्षातून एकदा येतात, बांधावर उभी राहतात आणि घड्याळ बघतात. निरगाठ आहे, सुटत नाही. त्यापेक्षा जमीन गेली तर बरं असं मी म्हणत नाही. मला तेवढं धाडस नाही. एवढंच म्हणतो की माझ्या मुलाच्या पायात मी न सुटणारी गाठ मारणार नाही. ती मी एकदा मारून बघितली आहे, आणि तेव्हाही ती मायेनंच मारली होती.

दादा का बोलले नाहीत, ते आता कळल्यासारखं वाटतं. बोटं वाकलेला तो हात शेवटच्या दिवशी माझ्या हातात होता.

सायकल अजून चालवतो. थांबायच्या वीस पावलं आधी डावी टाच बाहेर फिरवतो आणि सायकल डावीकडंच कलू देतो. एकदा डावा पाय सोडवला आणि सायकल उजवीकडं कलली, तेव्हा पुन्हा पडलो. शिकायला अजून आहे. मेंढका गेल्या दिवाळीनंतर घाटाखाली परत भेटला. मी थांबलो, पाय टेकवला. त्यानं पायाकडं बघितलं, मान हलवली आणि तंबाखू पुढं केली.

परवा मुलाचा फोन होता. पावसाच्या आत विहिरीकडचा बांध घालून घ्यायचा का, असं विचारत होता. मी घालून घे म्हटलं. पुढं काही विचारलं नाही.